होम्सनं वॉटसनचा दवाखाना का घेतला? रहस्यकथांच्या क्वीअर वाचनाविषयी, सोप्या भाषेत

१९०३ साली आलेल्या 'नॉरवुडचा बिल्डर' या शेरलॉक होम्सच्या कथेत सुरुवातीलाच दोन-तीन ओळी येतात. पुढे जाळपोळ, गायब झालेला माणूस आणि अंगठ्याचा ठसा अशी गडबड उडते आणि त्या ओळी वाचकाच्या लक्षातून निसटतात. होम्सचा सोबती आणि या कथा सांगणारा डॉक्टर वॉटसन म्हणतो, की मी माझा केन्सिंग्टनचा छोटासा दवाखाना विकला. व्हर्नर नावाच्या एका तरुण डॉक्टरनं तो घेतला, आणि मी धीर करून सांगितलेली किंमत त्यानं फारशी घासाघीस न करता मोजली. काही वर्षांनी कळलं, की हा व्हर्नर होम्सचा लांबचा नातेवाईक होता आणि पैसे होम्सनंच उभे केले होते.

याच्या आधी काय घडलंय ते आठवा. धबधब्यात पडून होम्स मेला असं समजून वॉटसननं तीन वर्षं काढली. मधल्या काळात त्याची बायको मेरी वारली. मग एक दिवस म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषात होम्स त्याच्या दारात उभा राहिला, आणि युद्धात गोळी खाल्लेला हा माणूस चक्कर येऊन पडला. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, असं तो स्वतःच लिहितो. मेरीच्या जाण्याचा उल्लेख मात्र एका ओझरत्या वाक्यात आटोपतो. त्यानंतर होम्स वॉटसनला पत्ता लागू न देता त्याचा दवाखाना विकत घेतो. वॉटसननं पुन्हा बेकर स्ट्रीटवरच्या त्यांच्या जुन्या घरात राहायला यावं, म्हणून.

मित्रासाठी माणूस इतकं करतो का? करतो. पण होम्सनं हेच एखाद्या बाईसाठी केलं असतं, तर 'या नात्याला काय म्हणावं' असा प्रश्न आपल्याला पडलाच नसता.

ठाण्यात नौपाड्यात आमचा एक छोटा वाचनगट आहे आणि सध्या रहस्यकथा चालू आहेत. घोडबंदर रोडवरून येणाऱ्या, नुकतीच नोकरीला लागलेल्या एका मुलीनं हा दवाखान्याचा मजकूर वाचून दाखवला आणि म्हणाली, "मला तर हे प्रेमच वाटतं." गटातले सगळ्यात ज्येष्ठ काका जरा दुखावल्यासारखे झाले. त्यांनी शाळेत असताना भालबा केळकरांच्या अनुवादातून होम्स वाचलेला, आणि तो त्यांच्या अगदी जवळचा. "अगं, दोन मित्रांना मित्र राहू द्या की. सगळीकडे तेच कशाला शोधायचं?" ती म्हणाली, "काका, मी शोधत नव्हते हो. ते तिथंच होतं."

काकांचा प्रश्न मला मोलाचा वाटतो, कारण हा विषय निघाला की बहुतेकांच्या मनात हाच प्रश्न येतो. त्यामुळे त्याला नीट उत्तर द्यावं, म्हणून हा लेख. एक सूचना आधीच देते: काही कथांमधले प्रसंग सांगावे लागतील, पण खुनी कोण ते शक्य तिथं सांगणार नाही.

क्वीअर म्हणजे समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्स, अलैंगिक, आणि एकूणच 'मुलगा-मुलगी-लग्न-मुलंबाळं' या चौकटीत न मावणारी माणसं. क्वीअर वाचन म्हणजे अशा माणसांच्या बाजूनं उभं राहून साहित्य वाचणं. यात होम्स गे होता हे सिद्ध करायचं नसतं. होम्स कागदावरचा माणूस आहे, पानाबाहेर त्याला आयुष्य नाही, त्यामुळे 'तो खरंच होता का' या प्रश्नाला उत्तर असूच शकत नाही. विचारायचे प्रश्न निराळे आहेत. या गोष्टीत कोण कोणाबरोबर राहतं? कोणाच्या जाण्यानं कोण कोलमडतं? कोणत्या नात्याला नाव मिळतं आणि कोणतं नातं बिननावाचं राहतं? लेखक कुठं घाईनं विषय बदलतो? आणि जे लिहिलं नाही, ते लिहायची तेव्हा मुभा होती का?

शेवटच्या प्रश्नासाठी थोडा कायदा बघावा लागतो. १८८५ साली इंग्लंडमध्ये एका कायद्यात हेन्री लाबूशेर या खासदारानं एक कलम घुसवलं. दोन पुरुषांमधलं कोणतंही 'घोर असभ्य वर्तन', मग ते बंद दाराआडचं का असेना, गुन्हा ठरलं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, सक्तमजुरीसकट. कलमाची भाषा इतकी सैल होती की नेमकं काय केलं म्हणजे गुन्हा, हे कुणालाच सांगता येईना. एखादं पत्र हाती लागलं तरी माणूस कचाट्यात सापडायचा. लोक या कलमाला 'ब्लॅकमेलरांची सनद' म्हणू लागले. होम्सची पहिली कादंबरी १८८७ची, म्हणजे हे कलम आल्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी. बेकर स्ट्रीटवरचा तो दोन पुरुषांचा संसार पहिल्या दिवसापासून या कायद्याच्या सावलीत मांडलेला आहे.

आपल्याकडे हेच काम भारतीय दंडविधानातलं कलम ३७७ करत होतं, आणि तेही १८६०पासून. इंग्लंडनं आपला कायदा १९६७मध्ये सैल केला. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. म्हणजे आमच्या गटातल्या त्या मुलीची शाळेची बरीच वर्षं याच कलमाखाली गेली आणि काकांच्या आयुष्याचा तर बहुतेक भाग.

होम्सचा लेखक आर्थर कॉनन डॉइल या सगळ्यापासून लांब नव्हता. ३० ऑगस्ट १८८९ रोजी लंडनच्या लँगहॅम हॉटेलात एका अमेरिकन मासिकाच्या संपादकानं दोन लेखकांना जेवायला बोलावलं. एक डॉइल, दुसरा ऑस्कर वाइल्ड. त्या जेवणातून 'द साइन ऑफ फोर' ही होम्सची दुसरी कादंबरी निघाली आणि वाइल्डची 'द पिक्चर ऑफ डोरियन ग्रे'सुद्धा. दोन्ही १८९०मध्ये त्याच मासिकात आल्या. पाच वर्षांनी, १८९५मध्ये, लाबूशेरच्या कलमाखाली वाइल्डला दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याआधी त्याच्या एका प्रेमपत्रावरून त्याच्याकडून पैसे उकळायचे प्रयत्न झालेच होते.

डॉइलनं १९२४च्या आपल्या आठवणींत त्या जेवणाची संध्याकाळ सोन्यासारखी होती असं म्हटलंय. त्याच पुस्तकात तो वाइल्डच्या वागण्याला आजार म्हणतो आणि त्याची जागा पोलीस कोर्टात नसून इस्पितळात होती असं मत देतो. आज हे वाचताना टोचतं. पण त्या काळात तुरुंग नको म्हणणारेही थोडे होते. १९१६मध्ये आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंटला फाशी होणार होती आणि त्याच्या समलिंगी संबंधांच्या डायऱ्या सरकारच मुद्दाम फिरवत होतं, तेव्हा त्याला वाचवण्यासाठीच्या अर्जामागे डॉइल ठामपणे उभा राहिला. अनेकांनी मात्र त्या डायऱ्या पाहून हात आखडता घेतला होता.

डॉइलनं वाइल्डच्या खटल्याचा विचार करून होम्स लिहिला, असं मी म्हणत नाही. मुद्दा एवढाच, की काय उघड बोलायचं आणि काय झाकायचं हे त्या पिढीच्या प्रत्येक लेखकाला ठाऊक होतं. १९०४च्या 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' या कथेत खलनायक ब्लॅकमेलर आहे, लोकांची खासगी पत्रं विकत घेऊन त्यांना उद्ध्वस्त करणारा. होम्सला खुन्यांपेक्षाही याच्याविषयी जास्त किळस वाटते. ती पत्रं नष्ट करायला होम्स आणि वॉटसन रात्री त्याच्या घरात चोरासारखे शिरतात. पडद्यामागे लपलेले असताना होम्सचा हात हळूच वॉटसनच्या हातात येतो आणि धीर देणारा दाब देतो. वाइल्डचा तमाशा बघितलेल्या वाचकानं ही कथा वाचताना काय विचार केला असेल, हे विचारणं मला अजिबात ओढूनताणून वाटत नाही.

न बोललेल्या गोष्टीवरून निष्कर्ष काढायचा हे आपल्याला शिकवलं कुणी? होम्सनंच. १८९२च्या 'सिल्व्हर ब्लेझ'मध्ये शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो. होम्स म्हणतो, कुत्र्याचं रात्रीचं वागणं लक्षात घ्या. इन्स्पेक्टर म्हणतो, कुत्र्यानं तर काहीच केलं नाही. तेच तर विलक्षण, होम्स म्हणतो. कुत्रा भुंकला नाही, म्हणजे येणारा ओळखीचा होता. क्वीअर वाचक हीच नजर खुद्द कथेवर रोखतो. मेरीच्या मरणाबद्दल वॉटसन गप्प का? इतक्या आयुष्यात होम्स स्वतःच्या लग्नाचा खरा विचार कधीच कसा करत नाही? 'साइन ऑफ फोर'च्या शेवटी वॉटसन लग्न ठरल्याचं सांगतो, तर होम्स सरळ म्हणतो, मी तुझं अभिनंदन करू शकत नाही. आणि मग कोकेनच्या बाटलीकडे हात नेतो.

ईव्ह कोसॉफ्स्की सेजविक या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८५च्या आपल्या पुस्तकात मांडलेला एक विचार इथं फार उपयोगी पडतो. त्या म्हणतात, पुरुषप्रधान समाज चालतोच मुळी पुरुषांच्या आपसातल्या घट्ट नात्यांवर. मैत्री, धंदा, क्लब, सैन्य, अगदी एका बाईवरून केलेली स्पर्धासुद्धा. ही नाती प्रतिष्ठेची. पण या नात्यांना प्रेमापासून वेगळं ठेवणारी रेघ सतत राखावी लागते, आणि त्या राखण्यातून भीती, थट्टा आणि कायदे जन्माला येतात. 'छे, आम्ही तसले नाही' हे वाक्य त्याच रेघेवर उभं राहून म्हटलं जातं. एका घरात राहणारा गुप्तहेर आणि त्याचा सोबती नेमके त्या रेघेवर आयुष्य काढतात.

काकांच्या बाजूनंही एक भक्कम मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. व्हिक्टोरियन पुरुष हातात हात घालून फिरत, एकमेकांना 'माझ्या लाडक्या' अशी पत्रं लिहीत, आणि त्यात कुणाला काही वावगं दिसत नसे. ठाणे स्टेशनच्या पुलावर आजही दोन मित्र एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून चालताना दिसतात. प्रत्येक जिव्हाळ्याला शरीराचं नाव दिलं, तर मैत्रीचीच जागा आक्रसते. हे खरं आहे. आणि होम्सला कुणाशीच शारीरिक जवळीक नको होती, त्याला अलैंगिक म्हणून वाचावं, असं म्हणणारेही पुष्कळ क्वीअर वाचक आहेत. लग्न न करता, कुणाला जाब न देता, आपल्या कामात आणि एका सोबत्यात रमलेला माणूस. ज्यांना आयुष्यभर 'अजून लग्न का नाही केलंस?' हे ऐकावं लागतं, त्यांच्यासाठी तोही मोठा आधार आहे.

पण मग हाच कठोर निकष दुसऱ्या बाजूलाही लावू या. 'बोहेमियातलं लफडं' या १८९१च्या कथेत आयरीन ॲडलर येते. वॉटसन पहिल्याच परिच्छेदात स्वच्छ लिहितो, की होम्सला तिच्याविषयी प्रेमासारखं काहीही वाटत नव्हतं. तरी शंभर वर्षं नाटकवाले, सिनेमावाले, मालिकावाले तिला होम्सची प्रेयसी करत आलेत. तिथं कुणी म्हणालं नाही, की 'सगळीकडे तेच कशाला शोधायचं?' लेखकानं स्पष्ट नाकारलेलं प्रेम आपल्याला सहज दिसतं, आणि पानापानावर असलेली माया दाखवली की आपण पुरावा मागतो. क्वीअर वाचनाविषयी मला जे सांगायचंय ते मुख्यतः हे आहे: सरळ वाटणारं वाचनसुद्धा एक वाचनच असतं. त्याला पुरावा द्यावा लागत नाही, इतकाच फरक. (जाता जाता: त्याच कथेच्या शेवटी आयरीन पुरुषाच्या वेषात होम्सच्या शेजारून जाते, त्याला नाव घेऊन शुभरात्री म्हणते, आणि जगातला सगळ्यात हुशार गुप्तहेर तिला ओळखत नाही. पुरुषी कपडे तिला नवे नाहीत, ती मोकळीक मी नेहमी घेते, असं ती पत्रात लिहितेसुद्धा.)

ज्याला एकच कथा वाचून ठरवायचं असेल त्यानं १९२४ची 'तीन गॅरिडेब' वाचावी. रहस्य म्हणून ती मध्यमच आहे. पण शेवटी गुन्हेगार गोळी झाडतो आणि ती वॉटसनच्या मांडीला चाटून जाते. होम्स पिस्तुलाच्या दस्त्यानं त्याला आडवा करतो, वॉटसनला दोन्ही हातांनी सावरून खुर्चीत बसवतो, आणि देवाची शपथ घालून विचारतो, तुला लागलं तर नाही ना? खिशातल्या चाकूनं पँट फाडून जखम बघतो. वॉटसनला दिसतं, की कधीही न हलणारे ते डोळे पाणावलेत आणि ओठ थरथरतायत. एवढं प्रेम त्या थंड मुखवट्यामागे आहे हे कळण्यासाठी एक काय, अनेक जखमा झेलल्या असत्या, असं तो लिहितो. होम्स गुन्हेगाराला सांगतो, हा मेला असता तर तू या खोलीतून जिवंत बाहेर पडला नसतास.

याच कथांवरून पुढे खटलाही झाला. २०२०मध्ये 'एनोला होम्स' या चित्रपटावरून डॉइलच्या वारसांच्या संस्थेनं अमेरिकेत दावा लावला. त्यांचं म्हणणं असं, की सुरुवातीच्या कथांतला थंड, भावनाशून्य होम्स सगळ्यांचा झाला असला, तरी १९२३ ते १९२७मधल्या कथांत तो मायाळू झाला, मैत्री बोलून दाखवू लागला, आणि तो होम्स अजून कॉपीराइटखाली आहे. दावा त्याच वर्षी मागे पडला. पण होम्सच्या काळजाला मालक आहे असं कागदोपत्री म्हटलं गेलं, याची मला आजही गंमत आणि चीड दोन्ही वाटते. १ जानेवारी २०२३पासून अमेरिकेतही सगळा होम्स कॉपीराइटमुक्त झाला.

आता पुरुष बाजूला ठेवू. मला स्वतःला बेकर स्ट्रीटपेक्षा जास्त हलवतं ते ॲगाथा ख्रिस्तीचं एक जोडपं. १९५०ची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' ही मिस मार्पलची, म्हणजे ख्रिस्तीच्या हौशी गुप्तहेर आजीबाईंची, कादंबरी. चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या गावात मिस हिंचक्लिफ आणि मिस मर्गाट्रॉइड एकत्र राहतात. हिंचक्लिफचे केस पुरुषासारखे कापलेले, अंगात कॉर्डरॉयची पँट, बोलणं तुटक. मर्गाट्रॉइड गोलमटोल, विसरभोळी, लवकर गोंधळणारी. त्या कोंबड्या-डुकरं पाळतात. गावात कुणी त्यांच्याविषयी कुजबुजत नाही. त्या आपल्या आहेत, जशा बाकीच्यांच्या घरी नवरा-बायको आहेत तशा. ख्रिस्ती त्यांच्या नात्याला नाव देत नाही, आणि खुलासाही मागत नाही.

खुनाच्या संध्याकाळी कोण कुठं उभं होतं, हे दोघी मिळून आठवायचा प्रयत्न करत असतात. तेवढ्यात स्टेशनवरून फोन येतो, तुमची कुत्री सकाळपासून इथं पाण्यावाचून पडलीय. हिंचक्लिफ तडक गाडी काढते. मर्गाट्रॉइडला नेमकं त्याच क्षणी काहीतरी आठवतं, ती मागून ओरडते, "ती तिथं नव्हती!" पण गाडी निघून जाते. पाऊस येतो, मर्गाट्रॉइड दोरीवरचे कपडे काढायला धावते आणि तिथंच कुणीतरी तिचा गळा आवळतं. परत आलेल्या हिंचक्लिफला ती सापडते. ही बाई रडून मोकळी होणारी नाही, आणि तिच्या दुःखाला गावाच्या लेखी कोणतंही अधिकृत नाव नाही. ती विधवा नाही, बहीण नाही. पण ख्रिस्ती ते दुःख दाबत नाही. पुढच्या पानांत तिचा सूड घ्यायला निघालेला संताप वाचताना मला दर वेळी वाटतं, की लेखिकेला सगळं ठाऊक होतं.

मग ख्रिस्ती नात्याच्या नावाबद्दल गप्प का राहिली? स्त्रियांमधलं प्रेम इंग्लंडच्या कायद्यात कधीच गुन्हा नव्हतं. १९२१मध्ये ते गुन्ह्यात आणायचा प्रयत्न झाला. खालच्या सभागृहानं मान्यता दिली आणि वरच्या सभागृहानं तो हाणून पाडला. कारण? असा कायदा केला तर ज्या बायकांना असलं काही असतं हे माहीतच नाही, त्यांनाही कळेल! म्हणजे पुरुषांना तुरुंगाचा धाक आणि बायकांना नावच नाही. मर्गाट्रॉइड आणि हिंचक्लिफ त्या न-नावाच्या जागेत राहतात. २००५च्या टीव्ही रूपांतरात त्या प्रेयसी आहेत हे उघड दाखवलं. मला ते आवडलं. नवं काही घुसवल्यासारखं न वाटता, पुस्तकात पडदा होता तो फक्त बाजूला सरकवल्यासारखं वाटलं.

पण सगळंच असं गोड नाही. रहस्यकथेनं क्वीअर माणसाला सोबती म्हणून जेवढी जागा दिली, त्याहून जास्त वेळा संशयित म्हणून दिली. १९३०च्या 'द माल्टीज फाल्कन' या अमेरिकन कादंबरीत जोएल कायरो नावाचा माणूस समलिंगी आहे हे स्पष्ट म्हटलंय. १९४१मध्ये सिनेमा झाला तेव्हा हॉलिवूडमध्ये निर्मितीसंहिता, म्हणजे पडद्यावर काय दाखवायचं याचे नियम, कडकपणे लागू होती आणि तीत अशा पात्रांना मनाई होती. मग दिग्दर्शकानं खुणा वापरल्या: सुगंधी व्हिजिटिंग कार्ड, हातमोजे, ओठांशी खेळणारी छडीची मूठ. शब्द काढला, पण वास ठेवला. प्रेक्षकांना बरोबर कळलं, आणि सोबत हेही शिकवलं गेलं, की नीटनेटका, नाजूक, अत्तर लावणारा पुरुष म्हणजे दगाबाज. हिंदी-मराठी सिनेमातल्या नखरेल खलनायकांकडे या नजरेनं पुन्हा बघून पाहा. २००४मध्ये मिस मार्पलच्या 'द बॉडी इन द लायब्ररी'चं टीव्ही रूपांतर करताना कथेतलं खुनी जोडपंच बदललं आणि तिथं एकमेकींच्या प्रेमात पडलेल्या दोन बायका आणल्या. क्वीअर पात्रं वाढली, पण कुठं? फासावर. नुसती संख्या मोजून समाधान मानता येत नाही ते यामुळे.

पडद्यावरच्या होम्स-वॉटसनचा प्रवास म्हणजे या भीतीचाच इतिहास आहे. १९३९ ते १९४६मधल्या, बेझिल रॅथबोननं होम्स केलेल्या चौदा चित्रपटांत वॉटसन बावळट, हसवणारा म्हातारा झाला. दोघांत बरोबरीच उरली नाही, तर प्रेमाचा संशय तरी कुठून येणार? १९७०मध्ये दिग्दर्शक बिली वाइल्डरनं 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स'मध्ये पहिल्यांदा विषय उघड काढला. एका रशियन नर्तिकेला टाळायला होम्स सुचवतो, की तो आणि वॉटसन एकत्र आहेत. वॉटसन भडकतो. मग जरा धास्तावून विचारतो, आगाऊपणा होत नसेल तर, तुझ्या आयुष्यात बायका होत्या ना? होम्सचं उत्तर असं: "हो... तू आगाऊपणा करतोयस." एवढं बोलून तो झोपायला जातो. दार उघडंही नाही आणि बंदही नाही, आणि ते तसंच ठेवण्यात त्या चित्रपटाचं सगळं दुःख आहे.

चाळीस वर्षांनी, २०१०मध्ये बीबीसीची 'शेरलॉक' आली. पहिल्याच भागात हॉटेलवाला दोघांच्या टेबलावर मेणबत्ती आणून ठेवतो, डेट आहे म्हणून. घरमालकीण दुसरी खोली लागणार की नाही ते विचारते. जॉन वॉटसन पुनःपुन्हा सांगतो, आम्ही तसे नाही. मालिका २०१७पर्यंत चालली आणि हा विनोदही चालू राहिला. हजारो तरुण प्रेक्षकांनी त्यात स्वतःची आशा गुंतवली. निर्मात्यांनी मात्र, आम्ही असं काही दाखवणार नव्हतो, असं म्हटलं. याला आता 'क्वीअरबेटिंग' म्हणतात: आमिष दाखवून प्रेक्षक खेचायचा आणि द्यायचं काहीच नाही. १९४१मध्ये इशाऱ्यांनी बोलावं लागत होतं, कारण मनाई होती. २०१०मध्ये लंडनमध्ये कुणाचीच मनाई नव्हती. म्हणून मला कायरोच्या दिग्दर्शकापेक्षा या निर्मात्यांचा जास्त राग येतो. याच काळात 'एलिमेंटरी' या अमेरिकन मालिकेनं फारसा गाजावाजा न करता वॉटसनला बाई केलं, तरी तिच्यात आणि होम्समध्ये प्रेमप्रकरण आणलं नाही, आणि २०१३मध्ये मिसेस हडसनच्या जागी एक ट्रान्स स्त्री आणली, जिची भूमिका ट्रान्स अभिनेत्रीनंच केली. २०२२च्या 'ग्लास अनियन'मध्ये गुप्तहेर बेन्वा ब्लांकच्या घराचं दार उघडतो त्याचा जोडीदार. पुरुष आहे, हाताला पीठ लागलंय, आणि कथा पुढे जाते.

आपल्याकडे बंगाली बाजू फार समृद्ध आहे. १९३२पासूनच्या गुप्तहेर ब्योमकेशच्या कथांत त्याचा मित्र अजित त्याच्याबरोबर राहतो, आणि ब्योमकेशनं सत्यवतीशी लग्न केल्यावरही त्याच घरात राहतो. दूरदर्शनवर १९९३मध्ये ही मालिका बघताना आपल्या कुणालाच त्यात काही खटकलं नव्हतं. सत्यजित राय यांच्या फेलूदा या गुप्तहेराच्या जगात तर बायका जवळजवळ नाहीतच. दिग्दर्शक रितुपर्णो घोष यांनी स्वतःचं क्वीअर असणं जगापुढे कधी लपवलं नाही. त्यांनी २००३मध्ये ख्रिस्तीच्या एका कादंबरीवर 'शुभो मुहूर्त' केला आणि त्यांचा शेवटचा चित्रपट ब्योमकेशवरचा 'सत्यान्वेषी', २०१३चा. एवढ्या सगळ्या विषयांतून त्यांनी रहस्यकथाच परत परत का निवडली असेल, यावर कुणीतरी मराठीत लिहायला हवं.

आणि मराठीत? बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्यावर पिढ्याच्या पिढ्या वाढल्या. पण धनंजय आणि छोटू यांच्या नात्याकडे, त्या पुस्तकांतल्या वेषांतरांकडे, पुरुषांच्या एकमेकांवरच्या निष्ठेकडे या नजरेनं बघणारं लेखन माझ्या वाचनात आलेलं नाही. 'हलकंफुलकं वाङ्मय' म्हणून ही पुस्तकं अभ्यासाच्या बाहेर ठेवली गेली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १ जून १८९३ रोजी सुरू झालं. त्याच वर्षीच्या डिसेंबरात डॉइलनं होम्सला धबधब्यात लोटलं. इतक्या जुन्या ग्रंथालयाच्या गावात राहून जुनी पुस्तकं मिळत नाहीत ही सबब आम्हाला तरी देता येणार नाही.

तेव्हा गटात ठरलंय असं, की पुढच्या बैठकीला 'तीन गॅरिडेब' आणि अर्नाळकरांची धनंजय-छोटूची एक कादंबरी शेजारी शेजारी ठेवून वाचायची. काकांना मूळ इंग्रजी कथा मोठ्यानं वाचायची आहे. त्यांचं म्हणणं अजून तेच आहे, की ही मैत्री आहे. त्या मुलीचं म्हणणंही बदललेलं नाही, की हे प्रेम आहे. ती म्हणाली, "काका, तुम्ही वाचा. गोळी लागते तिथं मात्र घाई करू नका."